विश्लेषण : एका बास गिटारवादकासाठी मेटालिकाने शहर का बदलले?

१९८२. लॉस एंजेलिसच्या ‘व्हिस्की अ गो गो’ क्लबमध्ये ट्रॉमा नावाचा बँड वाजवत होता. ऐकायला आले होते मेटालिका या नवख्या बँडचे जेम्स हेटफिल्ड आणि लार्स उलरिच. जोरदार गिटार सोलो कानावर पडला. पाहतात तर तो बास गिटारवर वाजत होता. वाजवणारा क्लिफ बर्टन अवघा २० वर्षांचा होता.

त्यांना तो हवाच होता. पण क्लिफला लॉस एंजेलिस आवडत नव्हते. बँड सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात येणार असेल तरच येईन, ही त्याची अट. १९८३ मध्ये अख्खा बँड तिकडे गेला. ब्रिटिश मेटल आणि पंकचा वेग यांतून घडलेल्या ‘थ्रॅश’चा तो परिसर पुढे बालेकिल्ला ठरला.

असे काय होते त्याच्यात?

बास म्हणजे गिटारच्या मागे चालणारे वाद्य, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत. ब्लॅक सॅबथच्या गीझर बटलरने तिला आधीच धक्का दिला होता. क्लिफने वाह पेडल आणि डिस्टॉर्शन लावून बासला पुढे आणले. ‘फॉर हूम द बेल टोल्स’ची सुरुवात आजही अनेकांना गिटार वाटते, ती बास आहे.

खरी देणगी मात्र वेगळी. लहानपणी पियानो शिकलेल्या क्लिफला बाखच्या संगीताची ओढ होती. एकाच वेळी दोन सुरावटी कशा गुंफायच्या, हे तो जाणत होता आणि बँडमध्ये संगीतशास्त्राची जाण सर्वाधिक त्यालाच होती. १९८६ च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’मधील ‘ओरायन’ ऐका. आठ मिनिटांहून अधिक, गायन नाही. मधला संथ भाग तर थ्रॅश बँडकडून कुणी अपेक्षिलाच नसता.

पुढे काय झाले?

त्याच वर्षी स्वीडनच्या दौऱ्यात बसमधल्या एका झोपायच्या जागेसाठी क्लिफ आणि कर्क हॅमेटने पत्ते काढले. क्लिफ जिंकला. २७ सप्टेंबरच्या पहाटे बस उलटली. खिडकीतून बाहेर फेकला गेलेला क्लिफ तिच्याखाली सापडला. वय २४, नावावर तीन अल्बम.

काही आठवड्यांतच जेसन न्यूस्टेड बँडमध्ये आला. १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये त्याचा बास जवळपास ऐकूच येत नाही, चाहत्यांचा त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. ‘ओरायन’ मंचावर पूर्ण वाजायला मात्र २००६ साल उजाडले.