पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत पंडिता, समाजसुधारक, लेखिका आणि बायबलच्या मराठी अनुवादक होत्या. विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी मुंबईत शारदा सदन आणि पुढे केडगाव येथे मुक्ती सदन स्थापन केले. महाराष्ट्रात त्यांचे नाव प्रामुख्याने स्त्रीशिक्षण व धर्मांतर या दोन संदर्भांत घेतले जाते. धर्मग्रंथाचा अधिकार मोठा की धर्मगुरूंनी ठरविलेल्या मतांचा, या प्रश्नावर त्यांनी ख्रिस्ती झाल्यानंतर आपल्याच गुरुजनांशी जो वाद घातला, तो मात्र तुलनेने कमी परिचित आहे.

पूर्वायुष्य

रमाबाईंचा जन्म पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात, आजच्या कर्नाटक राज्यात, एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपले गुरू रामचंद्रशास्त्री साठे हे पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असल्याचे पाहिले होते. त्यावरून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविण्यास आरंभ केला. हे धर्मबाह्य असल्याची तक्रार झाली आणि अनंतशास्त्रींना उडुपी येथे माध्व संप्रदायाचे प्रमुख व जमलेले पंडित यांच्यापुढे उभे राहावे लागले. तेथे त्यांनी ग्रंथांतील वचने काढून दाखविली आणि स्त्रियांना पुराणादी वाङ्मय शिकविण्यास शास्त्राची आडकाठी नाही, हे सभेस मान्य करावयास लावले. तथापि वेद मात्र त्यांनी स्त्रियांना कधीच शिकविले नाहीत. रूढीविरुद्ध ग्रंथाचा आधार घेण्याची रीत रमाबाईंना अशी घरातूनच मिळाली आणि त्या रीतीची मर्यादाही तेथेच दिसली.

लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना संस्कृत शिकविले. कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत देशभर हिंडत असे. दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. उरलेली दोन भावंडे, रमाबाई व श्रीनिवास, पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत ठेवली आणि ती वाचण्याचा आग्रह केला. धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचताना रमाबाईंना आढळले की ते बहुतेक बाबतींत परस्परविरोधी आहेत. स्त्री व शूद्र यांच्या हीनत्वाविषयी मात्र त्यांचे एकमत आहे. वडिलोपार्जित श्रद्धेला येथून तडा गेला.

१८८० मध्ये श्रीनिवासचा मृत्यू झाला. त्याच वर्षी रमाबाईंनी बंगाली वकील बिपिनबिहारी मेधवी यांच्याशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा हिचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले. सिल्चर येथील वास्तव्यात बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमानाची प्रत त्यांच्या हाती पडली होती. बायबलशी त्यांचा संबंध प्रथम असा, उपदेशकाच्या आधी ग्रंथाशी, आला.

पुणे आणि बाप्तिस्मा

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. पुण्यातच त्यांची नीलकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे यांच्याशी ओळख झाली. काशीत वाढलेले गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले होते आणि षड्दर्शनांवरील त्यांचा अधिकार विरोधकही मानीत.

वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने रमाबाई १८८३ मध्ये मनोरमा व मैत्रीण आनंदीबाई भगत यांच्यासह इंग्लंडला गेल्या आणि वॉन्टेज येथील सेंट मेरी भगिनीमंडळाच्या आश्रयास राहिल्या. आनंदीबाईंनी तेथे आत्महत्या केली; या आघातानंतर थोड्याच काळात, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. गोरे यांच्या पत्रामुळेच आपले मन वळले, असे रमाबाई पुढे सांगत. भारतात या बातमीने खळबळ उडाली. पुण्यातील सुधारकांपैकी अनेकांना हा विश्वासघात वाटला. महात्मा फुले यांनी मात्र सत्सार या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली.

बहिरेपणामुळे वैद्यकीय शिक्षणाचा बेत सोडावा लागला. १८८४ पासून त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात शिकू व संस्कृत शिकवू लागल्या. प्राचार्या डोरोथिया बील यांचा त्यांना मोठा आधार मिळाला.

वॉन्टेजशी वाद

वॉन्टेजचे मंडळ अँग्लिकन पंथातील उच्च परंपरेचे होते. त्या परंपरेत बायबलइतकाच जुन्या धर्मसभांनी ठरविलेल्या श्रद्धासूत्रांना व बिशपांच्या अधिकाराला मान होता. रमाबाईंच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी सिस्टर जेराल्डिन यांच्याकडे होती. १८८४ व १८८५ मध्ये या दोघींत जो पत्रव्यवहार झाला, त्यात एका नवख्रिस्ती स्त्रीने आपल्या धर्ममातेला शास्त्रार्थ करावयास लावलेले दिसते.

आरंभ लहान गोष्टींपासून झाला. रमाबाई शाकाहारी होत्या व ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी अंडे टाकलेला पदार्थ खाण्यास नकार दिला. भगिनींना यात जातीचा अभिमान दिसला. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरलेली होती, त्यावरही रमाबाईंनी आक्षेप घेतला. आपल्याला न कळणारी भाषा पवित्र मानावयाची, तर ब्राह्मणांनी संस्कृतला देववाणी मानण्यात आणि यात अंतर काय, अशी त्यांची विचारणा होती. लॅटिनऐवजी त्यांनी संस्कृत शब्दांची मागणी केली. पुरुष विद्यार्थ्यांनाही त्यांनी शिकवावे असा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा मुंबई व लाहोर येथील बिशपांनी त्यास विरोध केला. अशाने भारतात त्यांचे वजन कमी होईल, असे बिशपांचे म्हणणे होते. वस्तुतः रमाबाईंच्या आईने पुरुष विद्यार्थ्यांना शिकविले होते आणि रमाबाईंनी स्वतः भारतात पुरुषांच्या सभांत व्याख्याने दिली होती. भारतीय रूढीचे हे ज्ञान त्यांना इंग्लंडमध्ये बिशपांकडून ऐकावे लागले.

पुढे वादाचे मूळ उघड झाले. अथानासियसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या श्रद्धासूत्रात त्रैक्याचे सविस्तर विवेचन असून, ते न मानणाऱ्याचे तारण होणार नाही, असे बजावलेले आहे. देव एक आहे आणि ख्रिस्त तारणारा आहे, हे रमाबाई मानीत होत्या. परंतु पुत्र पित्याच्या बरोबरीचा आहे, हे मत त्यांना बायबलमध्ये स्पष्टपणे सापडत नव्हते. कुमारीजन्माविषयीही त्यांना शंका होती. मनोरमेला काय शिकवावे, यावरूनही मतभेद झाले; लहान मुलीच्या तोंडी न कळणारी गूढ सूत्रे घालू नयेत, असे आईचे मत होते.

जेराल्डिन यांनी या शंकांना गर्व म्हटले. नवशिक्या शिष्येने मंडळीच्या शिकवणुकीपुढे नम्र व्हावे, अशी त्यांची अपेक्षा होती. १८८५ च्या मे महिन्यातील पत्रात रमाबाईंनी याला सडेतोड उत्तर दिले. भारतातील पुरोहितवर्गाचे जू मानेवरून मोठ्या कष्टाने उतरविल्यावर, धर्मगुरूंच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द देवाची आज्ञा समजून दुसरे जू घेण्याची आपली तयारी नाही, असा त्याचा आशय होता. आपण ख्रिस्ताच्या मंडळीत आलो आहोत. त्यामुळे बिशपांचे प्रत्येक मत मानण्याचे बंधन आपल्यावर येत नाही, असा भेद त्यांनी केला. सद्सद्विवेकबुद्धी हे देवाने दिलेले साधन असून ते दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत टिकली.

हा वाद एका हट्टी शिष्येचा नव्हता; तो अँग्लिकन पंथाच्या पायातच होता. त्या पंथाच्या एकोणचाळीस कलमांपैकी सहावे कलम सांगते की, तारणास आवश्यक ते सर्व पवित्र शास्त्रात आहे आणि जे त्यात आढळत नाही ते मानण्याची सक्ती कोणावर करू नये. आठवे कलम अथानासियसच्या सूत्रासह तीन श्रद्धासूत्रे मान्य करते, पण शास्त्राने सिद्ध होतात या कारणाने. म्हणजे सूत्राचा आधार शास्त्र. आणि शास्त्रात ते आहे की नाही हे ठरवावे कोणी? विसावे कलम श्रद्धेच्या वादांत मंडळीला अधिकार देते आणि शास्त्राविरुद्ध जाण्यास तिलाही मनाई करते. रमाबाई सहाव्या कलमाच्या बाजूला उभ्या होत्या आणि जेराल्डिन विसाव्याच्या पहिल्या अर्ध्या भागावर. अथानासियसच्या सूत्रातील शापवचनांवरून इंग्लंडमध्येच त्या काळात पाद्र्यांत दुफळी होती. जेराल्डिन यांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदविली पाहिजे: पुढील काळात रमाबाईंनी ख्रिस्ताचे देवत्व व त्रैक्य ही दोन्ही मते स्वीकारली. मात्र ती त्यांनी स्वतःच्या वाचनातून व प्रार्थनेतून स्वीकारली.

अमेरिका आणि शारदा सदन

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि सुमारे तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. १८८७ मध्ये त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले व बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले; पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. कोणत्याही धर्माची शिकवण न देण्याची अट तेथे होती. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला.

१८९१ च्या सुमारास रमाबाईंनी विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मवृत्त वाचले. हॅस्लम दीक्षित पाद्री असतानाच एके दिवशी स्वतःच्या प्रवचनादरम्यान त्यांचे परिवर्तन झाले होते. ते वाचून रमाबाईंना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. मतांची छाननी करण्यात त्यांची आठ वर्षे गेली होती. केवळ छाननीने हाती काय आले, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला.

या बदलाचे पडसाद सदनात उमटले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. दार बंद करण्यास त्यांनी नकार दिला. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदींनी राजीनामे दिले, केसरीने टीकेची झोड उठविली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. अटीचा शब्दशः भंग झाला नव्हता, हे खरे. पण ज्या पालकांनी ती अट वाचून मुली पाठविल्या होत्या, त्यांची तक्रारही निराधार म्हणता येत नाही.

मुक्ती सदन

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रिया आणल्या. पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. शेती, विणकाम, छपाई हे उद्योग स्त्रियाच चालवीत. मुक्ती कोणत्याही एका पंथाशी बांधलेली नव्हती.

१९०५ मध्ये मुक्तीत धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट आली. मुली मोठ्याने रडत, पापे कबूल करीत, काही जणी अनोळखी भाषांत प्रार्थना करीत. काही मिशनऱ्यांना हा गोंधळ वाटला. भारतीयांनी आपल्या स्वभावानुसार भक्ती करावी, पाश्चात्त्य शिस्त त्यांच्यावर लादू नये, असे रमाबाईंचे मत होते. दुसरीकडे, अन्य भाषांत बोलणे हीच पवित्र आत्म्याची एकमेव खूण आहे, हे तेव्हा अनेक ठिकाणी रुजू लागलेले मतही त्यांनी नाकारले. जुनी सूत्रे असोत वा नवी, कसोटी त्यांनी बदलली नाही.

बायबलचे भाषांतर

मराठी बायबल तोवर शंभर वर्षांचे झाले होते. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूर येथून नवा करार १८११ मध्ये मोडी लिपीत छापला होता. प्रचलित भाषांतरांची भाषा संस्कृतप्रचुर असून त्यांतील काही शब्दांमागे हिंदू दैवतकल्पना येतात, असे रमाबाईंचे म्हणणे होते. मुक्तीतील नुकतेच वाचू लागलेल्या खेड्यातील स्त्रीला ते ग्रंथ समजत नसत. तिला वचनाचा अर्थ पाद्र्याला विचारावा लागला, तर वॉन्टेजमध्ये ज्या गोष्टीला विरोध केला तीच केडगावात घडणार होती.

रमाबाई उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी मुळावरून भाषांतर सुरू केले. त्यांनी तयार केलेल्या स्त्रियांनी जुळणी व छपाई केली. नवा करार त्यांच्या हयातीत निघाला. भाषांतर शक्य तितके शब्दशः आहे. शब्द सोपे, पण वाक्यरचना मूळ भाषांच्या वळणाने जाते आणि ठिकठिकाणी अडखळते. एवढे उत्तम संस्कृत जाणणाऱ्या व्यक्तीने संस्कृत शब्द कटाक्षाने टाळावेत, हे मराठी गद्याच्या इतिहासातील एक विलक्षण उदाहरण आहे. मंडळ्यांनी हे भाषांतर उपासनेसाठी सार्वत्रिकपणे स्वीकारले नाही. संपूर्ण बायबलचे भाषांतर करणाऱ्या जगातील मोजक्या स्त्रियांत मात्र रमाबाईंची गणना होते.

अखेर

१९१९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. मुक्तीचा वारसा ज्या मनोरमेकडे जावयाचा होता, ती जुलै १९२१ मध्ये वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचा मृत्यू झाला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. वॉन्टेजचा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवून संकलित केला होता, स्वतःविरुद्धची पत्रेही त्यातून न वगळता, अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो १९७७ मध्ये प्रसिद्ध केला.