फुकट जाणाऱ्या उष्णतेचा हिशेब

मेकॅनिकलला असलेल्या कुठल्याही मित्राला ‘कार्नॉट सायकल’ विचारून बघा. चार रेषांची आकृती, एक फॉर्म्युला आणि व्हायवाला हमखास येणारा प्रश्न, एवढं तो सांगेल. पण या आडनावाचा खरा उच्चार ‘कार्नो’ आहे, आणि ज्या पुस्तकामुळे हे नाव सिलॅबसमध्ये आलं ते लिहिणारा तेव्हा अवघा २८ वर्षांचा होता, हे फार कुणाला माहीत नसतं. आपल्याकडचे साखर कारखाने एकाच बॉयलरच्या वाफेवर उसाचा रसही आटवतात आणि वीजही तयार करतात. त्यामागचं गणित समजून घ्यायचं तर याच पोराकडे जावं लागतं.

मोठ्या बापाचा मुलगा

सादी कार्नो १ जून १७९६ रोजी पॅरिसमध्ये जन्मला. वडील लाझार कार्नो म्हणजे बडं प्रस्थ. राज्यक्रांतीनंतर फ्रान्सचं सैन्य उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि सादी जन्मला तेव्हा देश चालवणाऱ्या पाच जणांत ते एक होते. शिवाय गणितात आणि यंत्रशास्त्रात त्यांचं स्वतःचं काम होतं. शिराझचा फारसी कवी सादी त्यांचा आवडता, म्हणून मुलाचं नावही सादी.

धाकटा भाऊ इपोलीत याने एक किस्सा लिहून ठेवलाय. नेपोलियन एकदा तळ्याकाठी उभा राहून नावेतल्या बायकांच्या अंगावर पाणी उडेल असे दगड मारत होता. चिमुरडा सादी तडक पुढे गेला आणि थेट त्यालाच दम देऊ लागला. नेपोलियन म्हणे हसत सुटला.

वयाच्या १६व्या वर्षी सादीला पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला. इंजिनीअरिंगसाठी तेव्हा याहून नावाजलेलं कॉलेज नव्हतं. १८१४मध्ये शत्रूच्या फौजा पॅरिसपर्यंत आल्या, तेव्हा हा विद्यार्थी सोबत्यांबरोबर व्हँसेनच्या बाजूला लढायलाही गेला. पुढे तो लष्करात इंजिनीअर झाला. १८१५मध्ये वॉटर्लूला नेपोलियन हरला आणि घराचे वासेच फिरले. वडिलांना देश सोडावा लागला. ज्या आडनावामुळे कालपर्यंत दारं उघडत होती, तेच आता अडचणीचं झालं. सादीची बदली या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर होत राहिली. शेवटी १८१९मध्ये अर्ध्या पगारावर रजा घेऊन तो पॅरिसला परतला आणि वाचायला बसला.

उतार आहे तर काम आहे

त्याच्या डोक्यात एकच विषय होता, वाफेचं इंजिन. ब्रिटनमध्ये खाणींतलं पाणी उपसण्यापासून गिरण्या चालवण्यापर्यंत सगळीकडे ही इंजिनं पोचली होती. फ्रान्स मागे पडला होता. शिवाय ही इंजिनं कोळसा भरमसाट खायची आणि त्यातल्या उष्णतेच्या जेमतेम काही टक्क्यांचंच काम व्हायचं. कारागीर इंजिन सुधारत होते, पण अंदाजाने. सुधारणेला शेवटची मर्यादा आहे का, हा प्रश्न कुणी नीट विचारलाच नव्हता.

सादीने तो विचारला. वडिलांनी पाण्यावर चालणाऱ्या यंत्रांचा अभ्यास केलेला. पाणी वरून खाली पडतं म्हणून चक्र फिरतं, आणि जितकी उंची जास्त तितकं काम जास्त. सादीने हेच उष्णतेला लावलं. उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडे जाते, तेव्हाच तिच्याकडून काम करून घेता येतं. म्हणजे इंजिनाला नुसती आग पुरत नाही. उष्णता सोडायला एक थंड जागाही लागते. आणि तापमान घसरलं पण त्या घसरणीतून काहीच काम झालं नाही, तर तो निव्वळ तोटा. वाटेत चक्रच नसलेल्या धबधब्यासारखा.

१८२३मध्ये वडील परदेशातच गेले. पुढच्याच वर्षी, जून १८२४मध्ये, सादीचं १०० हून थोड्या जास्त पानांचं पुस्तक आलं. खर्च स्वतःचा, प्रती ६००. अॅकॅडमीत त्याची ओळख करून दिली गेली, एका मासिकात चांगलं परीक्षणही आलं. मग सामसूम. इंजिनिअरांना ते फारच तात्त्विक वाटलं, शास्त्रज्ञांना त्यात रस वाटला नाही.

१८३२च्या उन्हाळ्यात सादी आजारी पडला. त्यातून सावरतोय तोवर पॅरिसमधल्या कॉलऱ्याच्या साथीने त्याला गाठलं. २४ ऑगस्टला तो गेला. वय ३६. संसर्गाच्या भीतीने त्याच्या वस्तू आणि बरेचसे कागद जाळले गेले. उष्णतेवर आयुष्य घालवलेल्या माणसाचं काम असं आगीत गेलं.

वाचलं ते दोघांमुळे. एमिल क्लापेरों या इंजिनिअरने १८३४मध्ये त्याची कल्पना आकृतीत मांडली. आणि पुस्तक निघालं त्याच महिन्यात बेलफास्टमध्ये जन्मलेला एक मुलगा विशीत असताना पॅरिसला आला आणि ते पुस्तक शोधत दुकानं धुंडाळू लागला. ते काही मिळालं नाही, पण त्याने विषय सोडला नाही. हा मुलगा म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन. भावाने जपलेली काही टिपणं १८७८मध्ये छापली, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. उष्णता हा एक न संपणारा द्रव आहे असं धरून सादीने पुस्तक लिहिलं होतं, पण ही समजूत चुकीची असल्याचं नंतर त्याचं त्यालाच उमगलं होतं.

मग वाफेचं करायचं काय?

आता आजचा हिशेब. औष्णिक वीज केंद्रात साधारण ५४० अंशांची वाफ टर्बाइन फिरवते आणि ४० अंशांच्या आसपास थंड होते. कार्नोच्या फॉर्म्युल्यात हे आकडे टाका. सगळं आदर्श असलं तरी ६१ टक्क्यांवर जाता येत नाही. प्रत्यक्षात ३५-४० टक्केच मिळतात. म्हणजे १०० रुपयांच्या कोळशातले साठेक रुपये कूलिंग टॉवर आणि चिमणीतून हवेत. यातला बराचसा भाग कुणाच्या चुकीने जात नाही, तो नियमच आहे.

दुसरीकडे रंगाई, कागद, दूध, औषधं अशा कारखान्यांना दीड-दोनशे अंशांची वाफ लागते. ती करायला अनेक जण हजार अंशांहून गरम आग पेटवतात आणि वीज मात्र बाहेरून विकत घेतात. हजारावरून दीडशेवर घसरण, आणि वाटेत चक्रच नाही!

या दोन तोट्यांवरचा एकच उपाय म्हणजे सहवीजनिर्मिती, कारखान्याच्या भाषेत ‘कोजन’. आधी जास्त दाबाची वाफ करायची, तिने टर्बाइन फिरवायचं, आणि बाहेर पडलेली कमी दाबाची वाफ कारखान्यातच वापरायची. साखर कारखान्यात बॉयलरमध्ये बगॅस जळतो. टर्बाइनमधून निघालेली सुमारे सव्वाशे अंशांची वाफ रस आटवते आणि उरलेली वीज महावितरणला विकली जाते. थंड जागेचं काम इथे उसाचा रसच करतो. वाफ गरम असतानाच बाहेर काढल्यामुळे वीज थोडी कमी मिळते हे खरं. पण वीज आणि उष्णता दोन्ही धरली तर इंधनातला ७०-८० टक्के भाग कामी येऊ शकतो.

एवढं सोपं आहे तर सगळे का करत नाहीत? कारण वाफ विजेसारखी तारेतून शेकडो किलोमीटर नेता येत नाही, गिऱ्हाईक शेजारीच लागतं. जास्त दाबाचा बॉयलर आणि टर्बाइन महाग पडतात. वाफेची गरज वर्षभर सारखी नसेल तर पैसे वसूल व्हायला वेळ लागतो. पण बऱ्याच ठिकाणी अडचण याहून साधी असते. विजेचं बिल आणि इंधनाचं बिल वेगवेगळ्या टेबलांवर जातं. दोन्ही एकत्र ठेवून कुणी बघतच नाही.

तेव्हा पुढच्या इंडस्ट्रियल व्हिजिटला सेल्फी झाले की बॉयलरवाल्या काकांना एक प्रश्न विचारा. इथली वाफ आधी टर्बाइनमधून जाते, की नुसता व्हॉल्व्ह दाबून दाब कमी करता? उत्तर ‘व्हॉल्व्ह’ असं आलं, तर तुमच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय मिळाला म्हणून समजा.