भायखळा-परळचा पराभूत उमेदवार

फेब्रुवारी १९३७मध्ये मुंबई प्रांताच्या नव्या विधानसभेसाठी निवडणूक झाली. त्या निवडणुकीत मुंबई शहरातील ‘भायखळा आणि परळ’ या मतदारसंघातील अस्पृश्यांसाठी राखीव असलेल्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना १३,२४५ मते मिळाली, तर काँग्रेसचे उमेदवार बाळू पालवणकर यांना ११,२२५. दोहोंतील अंतर अवघे २,०२० मतांचे होते. विजयी उमेदवाराचे पुढील आयुष्य हा देशाच्या इतिहासाचाच एक भाग होय. पराभूत उमेदवाराचे नाव मात्र क्रिकेटच्या जुन्या धावफलकांपुरते उरले. वास्तविक या लढतीचा अर्थ समजून घ्यावयाचा, तर आधी पराभूताच्याच चरित्राकडे वळले पाहिजे. गुणांच्या बळावर मिळवलेली जागा आणि हक्काने मिळालेली जागा यांत अंतर असते काय, या प्रश्नाचा कौल त्या मतपेटीतून मागितला जात होता आणि हा प्रश्न बाळूंनी चाळीस वर्षे स्वतःच्या अंगावर वागवला होता.

मैदानावर आणि मैदानाबाहेर

बाळूंचा जन्म १८७६च्या सुमारास धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. आडनाव कोकणातील मूळ गावावरून आलेले. वडील लष्कराच्या चाकरीत. कुटुंब पुण्यास आल्यावर लहानग्या बाळूने पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याचे आणि निगा राखण्याचे काम धरले. पगार महिन्याला तीन रुपये. पुढे गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात तो चार रुपये झाला. तेथे जाळे बांधणे, पट्टी तयार करणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे अशी कामे असत. फलंदाजी करण्यास त्यांना सहसा कोणी सांगत नसे. ते काम साहेबांचे. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नाणावलेले फलंदाज बाळूंच्या चेंडूवर तासन् तास सराव करीत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी ते आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. डाव्या हाताने टाकलेली बाळूंची संथ, वळणारी गोलंदाजी अशा मजुरीतून घडली.

या गोलंदाजीची कीर्ती पसरली, तेव्हा पुण्याच्या हिंदू संघापुढे पेच उभा राहिला. युरोपियनांना हरवावयाचे तर हा गोलंदाज हवा. पण त्याला संघात घ्यावयाचे तर सोवळ्याओवळ्याचे काय? अखेर जिंकण्याची इच्छा बलवत्तर ठरली आणि बाळूंना संघात घेण्यात आले. मात्र त्यासाठी जी तोड काढली गेली ती मोठी बोलकी आहे. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावयाचा. पण खेळ थांबला की इतरांनी आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा घ्यावयाचा आणि बाळूंनी बाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून. जेवणाचे ताटही वेगळे. संघाला बळी हवे होते. बळी घेणारा मनुष्य नको होता.

पुढे बाळू मुंबईस आले. लष्करात, नंतर रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याकडून खेळ असा त्यांचा क्रम सुरू झाला. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्या सामन्यात बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले; त्यांचे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. बंगालच्या फाळणीनंतरचा तो काळ. राज्यकर्त्यांवरील त्या विजयाने शहरभर उत्साह उसळला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. पण बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले आणि तेही १९हून कमी सरासरीने. ते परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजातर्फे त्यांचा सत्कार झाला. त्या प्रसंगीचे मानपत्र विशीतील एका विद्यार्थ्याने लिहिले होते, असे अभ्यासक नमूद करतात. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर.

नाकारलेले कर्णधारपद

इतके झाल्यावर हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे जावयास हवे होते. अनुभवाने, कामगिरीने व खेळाच्या जाणकारीने त्यांच्या तोडीचा दुसरा खेळाडू संघात नव्हता. परंतु वर्षामागून वर्षे गेली आणि ते पद दर वेळी उच्चवर्णीय खेळाडूकडेच जात राहिले. १९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळण्यात आले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या बंधूंनी जाहीर निषेध करून संघ सोडला. वाद वाढला आणि अखेर बाळूंना उपकर्णधार नेमून त्यावर तडजोड निघाली. खुद्द कर्णधारपद १९२३ साली त्यांच्या घरात आले. पण ते धाकट्या विठ्ठलच्या वाट्याला. त्या वर्षी हिंदू संघाने स्पर्धा जिंकली.

पालवणकरांच्या घराने बंद दार गुणांच्या बळावर उघडले, असा या हकिकतीचा एक अर्थ होतो. ते दार अर्धे उघडण्यास पंचवीस वर्षे लागली आणि उघडण्याचा निर्णय शेवटपर्यंत दुसऱ्यांच्याच हाती राहिला, हा दुसरा अर्थ. बाळूंनी स्वतः पहिला अर्थ स्वीकारला. हिंदू समाजाचे मन बदलते आहे, सावकाश का होईना बदलते आहे, यावर त्यांचा विश्वास बसला होता. १९३२ साली विभक्त मतदारसंघाचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा मद्रासचे एम. सी. राजा यांच्याप्रमाणे तेही संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले. पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३५ साली येवल्यास आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तिलाही त्यांनी विरोध दर्शविला. ज्या समाजाने आपल्याला वेगळे ताट वाढले आणि पुढे हारही घातले, त्यातून बाहेर पडण्याची त्यांची तयारी नव्हती. हा भाबडेपणा होता असे म्हणणे सोपे आहे. परंतु स्वतःच्या डोळ्यांदेखत काही बदललेले पाहणाऱ्या माणसाची ती निष्ठा होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

गिरणगावाचे मतदार

बाळूंची ही निष्ठा काँग्रेसला १९३७ साली उपयोगी वाटली. आंबेडकरांनी आदल्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला होता. त्यांच्यासमोर तोलामोलाचा, लोकप्रिय आणि अस्पृश्य समाजातीलच उमेदवार हवा होता. आंबेडकर ज्या महार समाजातून आले तो संख्येने मोठा. चर्मकारांसारख्या लहान समाजांतील मतदार वेगळा विचार करील, हाही हिशेब त्यामागे असणे स्वाभाविक होते. बाळू त्या वेळी साठीला आले होते. १९३३ साली महापालिकेच्या निवडणुकीत त्यांनी पराभव पाहिलेला होता.

मतदारसंघ होता गिरण्यांचा. कोकण आणि घाटावरून आलेला कामगार तेथील चाळींतून दाटीवाटीने राहत असे. परळच्या दामोदर हॉलमध्ये १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली होती आणि तेव्हापासून हा भाग आंबेडकरांच्या चळवळीचे केंद्र बनला होता. येथील अस्पृश्य कामगाराची गिरणीतील स्थिती बाळूंच्या क्रिकेटमधील स्थितीशी विलक्षण जुळणारी होती. त्याला गिरणीत प्रवेश होता. कताई खात्यात काम होते. पण विणाई खात्यात, जेथे मजुरी अधिक, तेथे त्याला मज्जाव असे. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो आणि त्याने विटाळ होतो, हे त्याचे कारण. म्हणजे श्रम चालत, उष्टे चालत नसे. मैदानावरील मातीचे भांडे आणि गिरणीतील हा धोटा ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होत. बाळूंचा कौतुकसोहळा ज्या कामगाराने पाहिला, त्याला कर्णधारपद नाकारले गेल्याची गोष्टही ठाऊक होती आणि तिचा अर्थ त्याला दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

या निवडणुकीचे गणितही समजून घेण्याजोगे आहे. मताधिकार मालमत्ता, भाडे, शिक्षण अशा अटींनी मर्यादित होता. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात तो सुमारे तीन ते साडेतीन कोटी लोकांनाच होता. मतदारसंघ एकाहून अधिक जागांचा आणि त्यांपैकी एक जागा राखीव. मुंबई प्रांतात अशा मतदारसंघांत मतदाराला जितक्या जागा तितकी मते असत आणि ती सर्व एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा असे. त्यामुळे वर दिलेले आकडे मतांचे आहेत. तितकेच मतदार होते असे समजता येत नाही. या पद्धतीचा लाभ संघटित अल्पसंख्याकांना होतो. जो समाज संख्येने थोडा पण एकदिलाने उभा आहे, त्याला सर्व मते एका माणसाला देऊन आपला खरा प्रतिनिधी निवडता येतो. पुणे कराराने विभक्त मतदारसंघ गेला. त्यामुळे झालेली हानी काही अंशी या पद्धतीने भरून निघत होती. आंबेडकरांचा या पद्धतीविषयीचा आग्रह यासाठीच होता. २,०२० मतांच्या विजयात चळवळीचा वाटा मोठा, तसा या नियमाचाही वाटा होता, असे मानण्यास जागा आहे.

निवडून आल्यावर आंबेडकरांनी मतदारसंघाचे ऋण फेडले. सप्टेंबर १९३७मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. परळच्या चाळींत राहणाऱ्या कोकणातील कामगाराचे घर या खोतीनेच पिळले होते. १९३८ साली औद्योगिक कलहाच्या विधेयकाने संपाच्या हक्कावर गदा आणली, तेव्हा त्यांनी विधानसभेत त्याला कडाडून विरोध केला आणि ७ नोव्हेंबरचा एक दिवसाचा संप कम्युनिस्टांच्या साथीने घडवून आणला. काँग्रेसच्या शिस्तीत बसलेल्या बाळूंना, ते निवडून आले असते तरी, हे करता आले नसते. त्यांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न सचोटीचा नव्हताच. कोणाच्या इच्छेने निवडून यावयाचे, याचा होता.

नियम बदलला तेव्हा

या निष्कर्षाची उलट तपासणी पंधरा वर्षांनी झाली. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आंबेडकर ‘मुंबई शहर उत्तर’ या द्विसदस्य मतदारसंघातून लोकसभेसाठी उभे राहिले. आता मताधिकार सर्व प्रौढांना होता, ही लोकशाहीची मोठीच झेप होय. परंतु दोन्ही मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा संपली होती. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि आंबेडकरांना १,२३,५७६ मते मिळाली. घटनेच्या शिल्पकाराचा १४,५६१ मतांनी पराभव झाला. बाद झालेल्या ७४ हजारांवर मतांचा प्रश्न उपस्थित करून आंबेडकर आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज केला, तोही फेटाळला गेला. पराभवाची इतरही कारणे होती. काँग्रेसची लाट होती, कम्युनिस्टांचा विरोध होता. तरीही नियमातील बदल नजरेआड करता येत नाही. १९५५ साली भाषिक राज्यांविषयीच्या पुस्तिकेत आंबेडकरांनी अनेक जागांचे मतदारसंघ आणि एकवटून मत देण्याची पद्धत यांची पुन्हा मागणी केली. द्विसदस्य मतदारसंघही पुढे १९६१च्या कायद्याने गेले.

त्याच १९५५ सालच्या जुलैमध्ये बाळू पालवणकरांचे मुंबईत निधन झाले. पुढच्या वर्षी ६ डिसेंबरला आंबेडकरही गेले. दोघांत वैर होते असे दिसत नाही. मतभेद होता आणि तो मूलगामी होता. बाळूंचा भरवसा समाजाच्या सुधारत जाणाऱ्या मनावर होता, आंबेडकरांचा कायद्याने बांधलेल्या हक्कावर. बाळूंचे आयुष्य पाहता त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने याहून मोठा पुरावा दुसरा सापडणार नाही. ११४ बळी घेऊनही ज्याला कर्णधारपद मागावे लागले आणि मागूनही मिळाले नाही, त्याच्या चरित्राने केवळ गुणांवर विसंबता येत नाही हेच सिद्ध केले.

तथापि त्या ११,२२५ मतांचा अनादर करण्याचे कारण नाही. ज्यांनी ती दिली त्यांतील कित्येकांनी एका अस्पृश्य खेळाडूला आपला मानले होते आणि तेवढे होण्यासही त्या माणसाची चाळीस वर्षांची मेहनत खर्ची पडली होती. राखीव जागेवरील उमेदवार आजही सर्व मतदारांच्या मतांवर निवडून येतो. तो आपल्या समाजाचा आवाज घेऊन येतो की इतरांच्या पसंतीला उतरून, हा १९३७ साली भायखळा-परळमध्ये विचारला गेलेला प्रश्न प्रत्येक निवडणुकीत नव्याने उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना विजयी उमेदवाराचे ग्रंथ वाचावेत आणि पराभूत उमेदवाराचे मातीचे भांडेही आठवावे.