श्रवणातून घडलेले वीणावादक एस. बालचंदर

विख्यात वीणावादक एस. बालचंदर यांचा जन्म १८ जानेवारी १९२७ रोजी मद्रास, म्हणजेच आजच्या चेन्नईत झाला. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘सीता कल्याणम्’ (१९३४) या तमिळ चित्रपटात त्यांनी बालकलाकार म्हणून काम केले होते.

गुरुमुखी विद्येला सर्वोच्च स्थान देणाऱ्या कर्नाटक संगीतात वीणावादनासाठी मात्र त्यांनी गुरू केला नाही. श्रवण हाच त्यांचा आधार ठरला. गायकांच्या कंठातील स्वरांची आंदोलने कानाने टिपून, एकाच पडद्यावर तार ओढून ते अनेक स्वर उमटवत. त्यामुळे त्यांच्या वीणेला गायनाचे रूप लाभले.

१९८२ मध्ये ‘पद्मभूषण’ने गौरवलेल्या या स्वयंशिक्षित कलावंताचे एप्रिल १९९० मध्ये निधन झाले.