कारेल चापेक

युरोप खंडाच्या मध्यभागी बोहेमिया नावाचा डोंगरांनी वेढलेला एक प्रदेश आहे. आज तो चेक प्रजासत्ताकात मोडतो. एकोणिसाव्या शतकात मात्र तेथे ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा अंमल होता. या प्रदेशातील माले स्वातोन्योवित्से या लहानशा गावी ९ जानेवारी १८९० रोजी कारेल चापेक यांचा जन्म झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते. हेलेना ही थोरली बहीण, योसेफ हा मधला भाऊ आणि कारेल हे शेंडेफळ. योसेफ व कारेल यांच्या वयात जेमतेम तीन वर्षांचे अंतर होते. दोघे भाऊ एकत्र वाढले, एकत्र लिहू लागले आणि पुढेही जन्मभर एकमेकांना धरून राहिले. योसेफ यांच्या हाती कुंचला अधिक रमला, कारेल यांच्या हाती लेखणी.

शाळेत असतानाच कारेल परक्या सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांच्या एका गुप्त मंडळात सामील झाले. ही गोष्ट उघडकीस आली व त्यांना ती शाळा सोडावी लागली. त्यांनी दुसऱ्या गावी शिक्षण पुरे केले आणि प्राग येथील विद्यापीठातून १९१५ साली तत्त्वज्ञान विषयात डॉक्टरेट मिळवली. याच सुमारास त्यांना पाठीच्या कण्याचा दुर्धर विकार जडला. त्या विकारामुळे पहिल्या महायुद्धाच्या रणधुमाळीतून ते वाचले. परंतु वेदना मात्र कायमची सोबतीण झाली. पोटापाण्यासाठी त्यांनी वृत्तपत्राचा व्यवसाय पत्करला. १९१८ साली महायुद्ध संपले, ऑस्ट्रियाचे साम्राज्य मोडले आणि चेकोस्लोव्हाकिया हे स्वतंत्र राष्ट्र जन्मास आले.

त्यानंतर थोड्याच काळात कारेल यांना एका नाटकाची कल्पना सुचली. माणसाचे सारे कष्ट उपसण्यासाठी कृत्रिम कामगार निर्माण केले, तर काय होईल? कल्पना तर सुचली, पण या कामगारांना नाव काय द्यावे? श्रम या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून केलेले एक नाव त्यांच्या मनात होते. पण ते त्यांना फार पुस्तकी वाटे. ते तसेच योसेफकडे गेले. योसेफ चित्र रंगविण्यात गढलेले होते. तोंडात कुंचला धरलेला, दृष्टी चित्रावर. धाकट्या भावाची अडचण ऐकून त्यांनी पुटपुटतच एक शब्द सुचविला – रोबोट. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळाने मोबदल्यावाचून राबावयाचे, अशी ही जुलमी चाल बोहेमियात १८४८ सालापर्यंत चालू होती. त्या कष्टांची आठवण त्या एका शब्दात साठविलेली होती. जगभर गाजलेल्या या शब्दाचे श्रेय कारेल यांनी स्वतःकडे कधीच घेतले नाही. १९३३ साली आपल्या वृत्तपत्रात लिहून त्यांनी हे सारे श्रेय भावाच्या पदरी घातले.

‘आर. यू. आर.’ या नावाचे हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले व २५ जानेवारी १९२१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात रंगभूमीवर आले. त्यातील कारखाना एका दूरच्या बेटावर आहे. तेथे जिवंत देहासारखा एक कृत्रिम पदार्थ मळून त्याचे मानव बनविले जातात. यकृते आणि मेंदू पिंपांत तयार होतात. रक्तवाहिन्या व मज्जातंतू सुतासारखे कातले जातात. दिसण्यात हे रोबोट हुबेहूब माणसासारखे. पण आनंद, संगीत, सहज फिरावयास जाण्याची हौस, असे कामाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरलेले सारे काही त्यांच्यातून वगळलेले. ते स्वस्त असल्यामुळे जगभर खपतात. माणसे आळसावतात, त्यांच्या घरी मुले जन्मेनाशी होतात. शेवटी रोबोट बंड करून उठतात आणि मनुष्यजातीचा संहार करतात. एकटा आल्क्विस्ट नावाचा वृद्ध स्थापत्यकार तेवढा ते जिवंत ठेवतात. कारण तो आपल्या हातांनी काम करतो. परंतु रोबोट घडविण्याची कृती तोपर्यंत जळून गेलेली असते आणि रोबोटांचाही वंश बुडावयास येतो. मग एके दिवशी आल्क्विस्टला दिसते, की दोन रोबोट, एक तरुण व एक तरुणी, एकमेकांसाठी प्राण देण्यास सिद्ध झाले आहेत. ज्यांना प्रेम ठाऊक नसावे अशा रीतीने घडविले, त्यांच्यातच प्रेम उमलले. त्या दोघांना तो नव्या जगाचे पहिले जोडपे म्हणून निरोप देतो आणि नाटक संपते.

नाटक १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये व १९२३ साली लंडनमध्ये झाले. कर्त्याचे नाव मागे राहिले व ‘रोबोट’ हा शब्द पुढे धावला. परंतु धावताना त्याने आपले मूळ रूप वाटेतच टाकले. १९२७ साली फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन चित्रपट झळकला. त्याची कथा निराळी होती. पण त्यातील चकचकीत धातूची कृत्रिम स्त्री प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोरून हलेना. पुढच्याच वर्षी लंडनच्या एका प्रदर्शनात धातूचा एक पुतळा उठून उभा राहिला व त्याने भाषण केले. त्याच्या छातीवर अक्षरे होती – आर. यू. आर.! चापेक यांनी कल्पिलेल्या कामगाराच्या अंगात लोखंडाचा कणही नव्हता. तरी नाटकाचे नाव धातूच्या छातीवर मिरवू लागले. मराठीत रूढ झालेला ‘यंत्रमानव’ हा शब्दही पडद्यावरच्या रोबोटाला शोभतो, चापेक यांच्या नव्हे.

हे पाहून चापेक यांना खेद होई. १९३५ साली त्यांनी वृत्तपत्रात लेख लिहून आपली बाजू मांडली. आपले रोबोट यंत्रशास्त्रातून नव्हे, रसायनशास्त्रातून जन्मले; धातूच्या चक्रांतून जीव, प्रेम वा बंड निर्माण होईल असे आपण कधीही मानले नाही, असा त्या लेखाचा आशय होता. पण चित्रपटापुढे लेखाचे काय चालणार! धातूचा देह पडद्यावर उठून दिसतो. वेठीस धरलेल्या जिवाचे दुःख दाखविणे अवघड असते. पुढे याच्या उलटही घडले. आयझॅक आसिमॉव्ह या लेखकाला निर्मात्यावर उलटणाऱ्या रोबोटांच्या कथांचा कंटाळा आला होता. माणसाला इजा न करण्याच्या नियमाने बांधलेले रोबोट त्याने रंगविले व १९५० साली त्या कथांचे ‘आय, रोबोट’ हे पुस्तक निघाले. २००४ साली त्याच नावाचा चित्रपट निघाला, त्यात मात्र रोबोटांच्या फौजाच माणसांवर चालून आल्या. पुस्तकाचे नाव आसिमॉव्हचे आणि बंड चापेक यांच्या नाटकासारखे; पण त्या बंडामागची वेठ कोठेच नाही.

चापेक यांची लेखणी रोबोटांपाशी थांबली नाही. त्यांनी प्रवासवर्णने लिहिली, मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, आणि बागकामाचे वेड असल्यामुळे माळ्याच्या वर्षभराच्या फजितीवर एक खुसखुशीत पुस्तकही लिहिले. दर शुक्रवारी त्यांच्या घरी मित्रमंडळी जमत. राष्ट्राध्यक्ष मासारिक हेही त्या बैठकीस येत. शेजारच्या जर्मनीत हिटलरची सत्ता बळावू लागली, तेव्हा चापेक यांनी न डगमगता तिच्याविरुद्ध लिहिले. १९३७ सालच्या त्यांच्या नाटकात युद्धखोर हुकूमशहासमोर एक साधा डॉक्टर उभा ठाकतो. त्याच वर्षी ह्यूगो हास यांनी त्याचा चित्रपट केला व डॉक्टरांची भूमिकाही स्वतःच केली.

सप्टेंबर १९३८ मध्ये म्यूनिक येथे इंग्लंड व फ्रान्स यांनी चेकोस्लोव्हाकियाचा सीमाप्रदेश हिटलरला देऊन टाकला. चापेक यांच्यावर स्वदेशातच टीकेचा व निंदेचा भडिमार होऊ लागला. देश सोडून जाण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. ते गेले नाहीत. त्याच हिवाळ्यात फुफ्फुसाच्या विकाराने त्यांना गाठले आणि २५ डिसेंबर १९३८ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले. गुप्त पोलीस चापेक यांना पकडण्यासाठी त्यांच्या घरी आले. ज्याला पकडावयाचे, तो केव्हाच या जगातून गेला आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हते. पत्नी ओल्गा यांनी त्यांना ते सांगितले. योसेफ यांना मात्र त्याच वर्षी सप्टेंबरात अटक झाली. सुमारे साडेपाच वर्षे एका छळछावणीतून दुसरीत फिरून, युद्ध संपण्यास थोडेच दिवस उरले असताना, एप्रिल १९४५ मध्ये बेर्गन-बेल्झेन येथे त्यांचा अंत झाला. कारेल यांची समाधी प्रागमधील विशेह्राद येथे आहे. योसेफ यांचे शव कधीच सापडले नाही.