थॉमस वॉटसन: आयबीएमची खुर्ची मुलाला देणारा बाप

एखाद्या मोठ्या टेक कंपनीचा सीईओ बदलला की आपल्या मोबाईलवर नोटिफिकेशनचा पाऊस पडतो. नवा माणूस कोण, शेअर चढला की पडला, यावर चर्चा होते. मला मात्र जुना माणूस खुर्ची कशी सोडतो, हे बघायला जास्त आवडतं. म्हणून आज थॉमस वॉटसन यांच्याबद्दल लिहितोय. १९९४ मध्ये टचस्क्रीनवाला ‘सायमन’ फोन विकायला आणणारी आयबीएम यांनीच मोठी केली.

सुरुवात कशी झाली?

वॉटसन यांचा जन्म १८७४ चा, न्यूयॉर्क राज्यातला. तरुणपणी घोडागाडीतून पियानो आणि शिलाई मशीन विकली. मग मटणाचं दुकान काढलं, तेही बुडालं. त्या दुकानात हप्त्यावर घेतलेलं कॅश रजिस्टर होतं. ते बनवणाऱ्या एनसीआर कंपनीतच ते सेल्समन झाले आणि भराभर वर चढले.

पण मक्तेदारीसाठी गैरमार्ग वापरल्याच्या खटल्यात कंपनीच्या अधिकाऱ्यांसोबत तेही दोषी ठरले. एक वर्षाची कैद सुनावली गेली. पुढे मालकाने नोकरीवरूनही काढलं. वय चाळिशीला आलेलं, आणि १९१४ च्या जानेवारीत घरी मुलगा जन्मला. त्याचं नावही थॉमस. हे बाळ लक्षात ठेवा.

त्याच वर्षी मे महिन्यात सीटीआर नावाच्या छोट्या कंपनीने त्यांना घेतलं. १९१५ मध्ये वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली आणि ते अध्यक्ष झाले. १९२४ मध्ये कंपनीचं नाव झालं आयबीएम.

पैसा कुठून यायचा?

पंच कार्डातून. जाड कागदाच्या कार्डावर ठरावीक जागी भोक पाडायचं, मशीन ते ओळखून मोजणी करणार. आयबीएम मशीन भाड्याने द्यायची आणि कार्डं विकायची. म्हणजे आजच्या सबस्क्रिप्शनसारखंच, दर महिन्याला पैसे सुरू! महामंदीतही वॉटसननी कारखाने चालू ठेवले. १९३५ मध्ये अमेरिकेत सामाजिक सुरक्षा कायदा आला, सरकारला कोट्यवधी लोकांच्या नोंदी ठेवायच्या होत्या, आणि मशीन तयार होती.

एक डागही सांगायला हवा. १९३७ मध्ये त्यांनी हिटलरच्या सरकारचं पदक स्वीकारलं. ते परत केलं १९४० मध्ये.

बाप विरुद्ध लेक

दुसऱ्या महायुद्धात वैमानिक असलेला मुलगा कंपनीत परतला. त्याला इलेक्ट्रॉनिक्सचं आणि चुंबकीय टेपचं भविष्य दिसत होतं. वडिलांचा जीव कार्डांत अडकलेला. दोघांची भांडणं जोरदार व्हायची. १९५२ मध्ये मुलगा अध्यक्ष झाला, त्याच वर्षी आयबीएम ७०१ हा कॉम्प्युटर आला आणि सरकारने कंपनीवर मक्तेदारीचा खटलाही भरला. जुना घाव असलेल्या वडिलांना तडजोड नको होती, मुलाला हवी होती. शेवटी मुलाचंच चाललं. १९५६ च्या जानेवारीत समझोता झाला.

मला वॉटसन इथेच मोठे वाटतात. स्वतःच्या हाताने उभारलेला कार्डांचा धंदा मागे पडणार हे समोर दिसत असूनही त्यांनी मुलाला अडवलं नाही. मे १९५६ मध्ये सगळा कारभार सोपवला. साधारण सहा आठवड्यांत, १९ जूनला, ते गेले. १३०० च्या आसपास माणसं असलेली कंपनी तोवर ७२ हजारांवर पोहोचली होती.

पुढे मुलाने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० आणली. एकच सॉफ्टवेअर लहान-मोठ्या वेगवेगळ्या मशीनवर चालायची सोय झाली. आज एकच ॲप तुमच्या स्वस्त फोनवर आणि मित्राच्या महागड्या फोनवर चालतं ना, त्यामागचा विचार हाच.

तेव्हा पुढच्या वेळी सीईओ बदलल्याची बातमी आली, तर नव्या माणसासोबत जाणाऱ्याकडेही बघा. त्याने नव्याला खरंच मोकळं सोडलंय का, यावर पुढचं बरंच ठरतं.