एडिसन, मेणाची गाणी आणि सोन्याचा साचा

तुमच्या मोबाइलचं प्लॅस्टिक कव्हर पोलादी साच्यात तयार होतं. कारखान्यात त्याला मोल्ड म्हणतात. अशा मोल्डच्या आतल्या बाजूवर बरेचदा केसापेक्षा कितीतरी पातळ थर दिलेला असतो, तेच कोटिंग. ते कसं निवडायचं असं कुणी विचारलं, की मी थॉमस एडिसनची गोष्ट सांगतो. बल्बची नाही, गाण्यांची.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. लहानपणापासून त्याला कमी ऐकू यायचं. त्याने रेल्वेत पेपर विकले, मग तार ऑपरेटरची नोकरी केली. आणि १८७७ मध्ये याच माणसाने आवाज साठवणारा फोनोग्राफ बनवला! सुरुवातीला आवाज कथलाच्या वर्खावर उमटायचा, पुढे मेणाच्या सिलिंडरवर.

खरी अडचण होती कॉपी काढायची. आपण एका टॅपवर गाणं फॉरवर्ड करतो. तेव्हा गायकाला तेच गाणं पुन्हा पुन्हा गावं लागायचं. एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर गाणं उतरवणारं यंत्र होतं, पण त्यात मूळ सिलिंडर झिजायचं. म्हणजे धंदा वाढवायचा तर साचा हवाच.

मूळ सिलिंडरवर तांब्याचा जाड थर चढवला, की साचा तयार होतो. पण हा थर विजेच्या मदतीने चढतो आणि मेणातून वीज वाहत नाही. मग आधी वीज वाहणारं कोटिंग हवं. छपाईचे ठसे बनवताना मेणावर ग्राफाइटची पूड चोळायचे. इथे मात्र एका इंचात १०० खाचा, आणि आवाज त्या खाचांच्या तळातल्या बारीक चढउतारांत. पुडीचे कण तिथे बसले तर गाण्यात खरखर येणार.

एडिसनकडे दुसरा उपाय होता. निर्वात जागेत धातूची वाफ करून वस्तूवर थर देण्याच्या पद्धतीसाठी त्याने १८८४ मध्येच अर्ज केला होता, पेटंट १८९४ मध्ये मिळालं. तीच कल्पना इथे कामाला आली. सिलिंडर निर्वात भांड्यात फिरवायचं, शेजारी सोन्याचे इलेक्ट्रोड ठेवून जास्त व्होल्टेजची वीज सोडायची. सोन्याचा थर मेणावर अलगद बसायचा. सोनंच का? त्यातून वीज छान वाहते, ते गंजत नाही आणि इतका पातळ थर देता येतो की खाचा बुजत नाहीत.

जोनास एल्सवर्थ आणि वॉल्टर मिलर या सहकाऱ्यांनी साच्याची पद्धत पक्की केली. १९०२ मध्ये 'गोल्ड मोल्डेड' रेकॉर्ड बाजारात आल्या. साच्यातलं गरम मेण थंड होताना आकसायचं आणि सिलिंडर सहज बाहेर यायचं. गंमत म्हणजे, सोनं फक्त साच्यात. ग्राहकाच्या हातात साधं काळं मेण!

आज निर्वात जागेत थर देण्याच्या अशा पद्धतींना पीव्हीडी म्हणतात. निवडीचे प्रश्नही एडिसनसारखेच: या साच्याला नेमका त्रास कशाचा? काचेचे तंतू मिसळलेलं प्लॅस्टिक साचा घासत असेल, तर टायटॅनियम नायट्राइडसारखा कडक थर. माल चिकटत असेल, तर क्रोमियम नायट्राइड किंवा हिऱ्यासारख्या कार्बनचा गुळगुळीत थर. शिवाय दोन गोष्टी तपासायच्या: थर देतानाच्या उष्णतेने पोलाद मऊ पडणार नाही ना, आणि बारीक नक्षी बुजणार नाही ना?

चपट्या तबकड्यांपुढे सिलिंडर मागे पडलं. १९२९ मध्ये एडिसनच्या कंपनीने गाण्यांच्या रेकॉर्ड काढणंच थांबवलं आणि १८ ऑक्टोबर १९३१ रोजी एडिसन गेला. साच्यावर थर द्यायची ती युक्ती मात्र टिकली. हार्डवेअरच्या दुकानात सोनेरी ड्रिल बिट दिसलं, तर ते सोनं समजू नका. तो बहुधा टायटॅनियम नायट्राइडचा थर असतो, झीज कमी करण्यासाठी दिलेला.